बिनकामाच्या कामाला माणसे हवीत

गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री दीड-दोनच्या सुमाराला ग्वाटेमालातल्या अँटिग्वा या गावच्या दगडी रस्त्यावर एक गृहस्थ अधांतरी पालथा पडलेला दिसतो. त्याने घेतलेली नाही. रस्त्याच्या दोन कडांना ठोकळे ठेवून त्यांवर लांब फळी टाकली आहे, फळीवर तो पोट टेकून आडवा झाला आहे, आणि एका हातात छोटी चाळणी धरून दुसऱ्या हाताने तिला टिचक्या मारत खाली हिरवा भुसा पाडतो आहे. भुसा लाकडाचा. पोत्यांनी आणलेला, चाळून घेतलेला, रंगात भिजवलेला, पुन्हा वाळवलेला. दुपारपासून सगळे घर या कामाला जुंपले आहे. पुतण्या मधूनमधून पाणी शिंपडतो आहे, कारण वारा सुटला तर दिवसभराचे कष्ट शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडायचे. उंबऱ्यात शाल गुंडाळून उभी असलेली बायको विचारते, "झाले का हो?" फळीवरून उत्तर येते, "शेपूट राहिली." चित्र केत्झाल पक्ष्याचे आहे. हा त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी, आणि नराची शेपटी अंगापेक्षा कितीतरी लांब असते. एवढी एक गोष्ट चित्र ठरवताना घरातल्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. शेपूट उजाडता उजाडता पुरी होते. मग मिरवणूक येते. ऐंशीएक माणसांच्या खांद्यावर लाकडी डोलारा, त्यावर क्रूस वाहणारा ख्रिस्त, आणि खाली एकशे साठ पाय. ते पाय मिनिटभरात केत्झालवरून पलीकडे जातात. त्यांच्या मागून शोकधून वाजवणारा बँड, बँडमागे पालिकेचे झाडूवाले, झाडूवाल्यांमागे कचरा उचलणारे यंत्र आणि ट्रक. या भुशाच्या गालिच्याला तिथे 'अल्फोम्ब्रा' म्हणतात. गृहस्थ कमरेवर हात ठेवून ट्रककडे पाहतो आणि म्हणतो, "पुढच्या वर्षी जोडी काढू."

या दृश्यावरून एक सिद्धान्त मांडायचा आहे. माणूस मुळात आळशी आहे, असे जगभरचे मालक, मुकादम, शाळामास्तर आणि आया शतकानुशतके सांगत आल्या आहेत. हे मत साफ चूक आहे. माणूस आळशी आहे तो उपयोगी कामापुरता. काम पुरेसे बिनउपयोगी असले की तोच माणूस रात्र रात्र जागतो, पदरचे पैसे घालतो, कंबर मोडून घेतो आणि यंदा जरा कमीच झाले म्हणून हळहळतो. पंचांगात आणि कॅलेंडरात सण सुट्टीच्या लाल रंगात छापतात, ही छापखान्याची चूक समजावी. सण म्हणजे बिनपगारी जादा पाळी. प्रस्तुत लेखकाचा या विषयातला अधिकार एवढाच, की आळसाचा त्याने फार जवळून, आणि बहुतांशी आडव्या अवस्थेत, अभ्यास केला आहे. त्यामुळे कष्ट करणारा माणूस दिसला की "हा असे का करतो?" हा प्रश्न त्याला इतरांपेक्षा जास्त छळतो.

आधी गावाची ओळख. अँटिग्वा म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर च्युइंगगम चघळत, हेल्मेट न घालता येणारा व्हिव्ह रिचर्ड्स उभा राहतो. ते कॅरिबियन समुद्रातले बेट वेगळे. हे अँटिग्वा मध्य अमेरिकेत, दीड हजार मीटर उंचीवर, तीन ज्वालामुखींच्या शेजारी आहे, आणि त्यांतला फ्वेगो नावाचा अजून धुमसतो. १५४३ साली स्पॅनिश राज्यकर्त्यांनी इथे राजधानी वसवली, १७७३ च्या भूकंपात ती ढासळली, आणि १७७६ साली सरकारने राजधानी दुसरीकडे हलवून लोकांना तिकडे जाण्याचा हुकूम काढला. हुकूम अत्यंत शहाणपणाचा होता. म्हणूनच बऱ्याच जणांनी तो मानला नाही. दस्तुरखुद्द आर्चबिशपच स्थलांतराच्या विरोधात उभे राहिले. जे सूज्ञ होते ते नव्या राजधानीत गेले, ऑफिसे काढली, आणि आज वाहतूक कोंडीत बसून असतात. ज्यांना उपयोगी सल्ला पटत नाही असे लोक पडक्या कमानींखाली राहिले. पुढे १९७९ साली युनेस्कोने त्या पडझडीसकट सगळ्या गावाला जागतिक वारसा ठरवले. सिद्धान्ताच्या तपासणीसाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

गालिचा तुडवणाऱ्यांची बाजूही ऐकून घेऊ, कारण त्यांचे हाल गालिचा घालणाऱ्यांपेक्षा कमी नसतात. त्या डोलाऱ्याला 'आंदा' म्हणतात आणि त्याचे वजन टनांत मोजावे लागते. तो वाहणारा तो 'कुकुरुचो'. अंगात जांभळा झगा. गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता तो बदलून काळा. एवढे ओझे बारा-बारा तास गावभर फिरवायला हमाल शोधायचे ठरले तर कोणताही कंत्राटदार डोक्याला हात लावील. इथे माणसे ओझे वाहण्यासाठी रांग लावतात आणि पैसे भरून तिकीट घेतात. तिकिटाला 'तुर्नो' म्हणतात, म्हणजे पाळी. नोंदणीच्या टेबलाशी जे बोलणे होते ते साधारण असे:

"उंची?"

"पाच फूट सहा."

"डोक्यापर्यंतची नको. खांद्यापर्यंतची सांगा."

मग टेप निघते आणि खांदा मोजला जातो, कारण एका दांडीखाली सारख्या खांद्यांची माणसे लागतात. नाही तर उंचाचा खांदा सोलतो आणि बुटका नुसता हात लावून पुण्य घेऊन जातो. याच माणसाला घरी गॅसचा सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात न्यायला सांगितले, की त्याच्या कमरेत उसण भरते. बायकोने हे बोलून दाखवले तर तो म्हणतो, "ते वेगळे." खरोखरच वेगळे आहे. सिलिंडरवर स्वयंपाक होतो. बायकांनी मात्र हे वेगळेपण फार ताणू नये, कारण मागून येणारा मरियेचा आंदा डोक्यावर जाळीची ओढणी घेतलेल्या बायकाच वाहतात.

हे वेड केवळ गुड फ्रायडेच्या पवित्र आठवड्यापुरते आहे अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने १ नोव्हेंबरला यावे. त्या दिवशी मृतांची आठवण करतात आणि 'फियांब्रे' नावाचे थंड सॅलड खातात. त्यात पन्नासाहून अधिक जिन्नस पडतात: बीट, गाजर, फरसबी, फुलकोबी, एका माडासारख्या झाडाचा कोवळा फुलोरा, चार प्रकारचे सॉसेज, हॅम, कोंबडी, कोळंबी, चीज, ऑलिव्ह, अंडी, आणि सगळ्यांवर आंबट रस. मृतांना आवडणारे निरनिराळे पदार्थ लोक कबरीवर नेत, ते एकमेकांत मिसळले आणि त्यातून हा पदार्थ झाला, अशी एक कथा सांगतात. म्हणजे एका अपघाताची पुनरावृत्ती करण्यासाठी दरवर्षी घरोघर दोन-तीन दिवस भाज्या चिरल्या जातात. कोणी लाल करतो, कोणी पांढरा, आणि एक प्रकार 'दिव्होर्सियादो', म्हणजे घटस्फोटित, ज्यात भाज्या आणि मांस वेगवेगळे वाढतात. पन्नास जणांचा संसार एका ताटात टिकणे अवघड, हे कोणत्या तरी अनुभवी स्वयंपाकघराने ओळखले असणार. मग हा फियांब्रे वाटीवाटीने नातेवाइकांकडे जातो आणि नातेवाइकांचा आपल्याकडे येतो. दिवसअखेर प्रत्येकाच्या घरी जेवढा होता तेवढाच उरतो, फक्त केलेला दुसऱ्याने असतो, आणि त्यात मीठ कमी असते. दिवाळीच्या फराळाची ताटे पोचवलेल्यांना हे अर्थशास्त्र समजावून सांगायची गरज नाही.

त्याच दिवशी जवळच्या सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत प्रचंड पतंग उभारतात. बांबूचा सांगाडा, त्यावर पातळ रंगीत कागदाचे हजारो तुकडे डकवलेले, आकार चाकासारखा, आणि सगळ्यांत मोठ्यांची उंची चार-पाच मजली घराएवढी. तरुण पोरे महिनोन्‌महिने रात्री जागून ते चिकटवतात. २०२४ साली युनेस्कोने या कलेलाही आपल्या यादीत घेतले. परगावचा पाहुणा विचारतो, "हा उडतो?"

"नाही."

"मग पतंग कसा?"

"उडणारे ते काय, तिकडे आहेत. लहान."

सिद्धान्ताचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. पतंग जोवर उडतो तोवर तो पोरांचे खेळणे. उडेनासा झाला की तो कला. थडग्यांवर त्या दिवशी झेंडूची फुले पसरलेली असतात आणि तिथे त्याला 'मृतांचे फूल' म्हणतात. झेंडू मूळचा त्याच भागातला. तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि आपण दसऱ्याला त्याची तोरणे दुचाकीच्या हँडलला बांधू लागलो. ही गोष्ट सुंपांगोच्या कोणा आजोबांना कळली तर दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रात इतक्या गाड्या एकदम कशा वारल्या म्हणून ते हळहळतील.

७ डिसेंबरची कथा थोडी गुंतागुंतीची आहे, आणि सिद्धान्ताला धोका आहे तो इथेच. दुसऱ्या दिवशी मरियेचा सण, म्हणून आदल्या संध्याकाळी बरोबर सहा वाजता सैतान जाळायचा. सैतान घराच्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, माळ्यावर लपतो अशी समजूत असल्यामुळे घर झाडून, सगळी अडगळ दारात आणून पेटवायची ही जुनी रीत. म्हणजे साफसफाई. उपयोगी काम! टीकाकाराने इथे लेखकाची मानगूट धरावी: हे लोक तर वर्षातून एकदा माळा आवरतात, आणि तेही हौसेने. पण पुढे काय झाले पाहा. अडगळीत टायर आले, प्लास्टिक आले, जुन्या गाद्या आल्या. सगळ्या दरीवर धूर साचू लागला. आणि पर्यावरण खाते दरवर्षी लोकांना कळकळीने विनवू लागले की कचरा जाळू नका. लोकांनी ऐकले. ऐकले म्हणजे कसे, तर आता नोव्हेंबरच्या अखेरीपासून रस्तोरस्ती कागदाचे लाल सैतान विकायला येतात, शिंगे-शेपटीसकट. ते विकत घ्यायचे, घरी आणायचे, आणि संध्याकाळी सहाला जाळायचे. पूर्वी घरातली घाण बाहेर जात होती. आता दुकानातला स्वच्छ नवा सैतान पैसे देऊन घरात आणला जातो, आणि माळ्यावरची अडगळ माळ्यावरच सुखाने नांदते. रूढीत एक उपयोगी भाग शिल्लक होता. सुधारणेच्या पहिल्या झटक्यात नेमका तोच गळला. अँटिग्वात कोन्सेप्सियोन वस्तीजवळ सगळ्या गावाचा मिळून एक मोठा सैतान उभा करतात, बंबवाले पाण्याचे पाइप घेऊन सज्ज राहतात, आणि शेजारी पेट्रोलपंप आहे. जागा बदलावी असे कोणालाच वाटत नसेल असे नाही. पण मोकळ्या मैदानात सैतान जाळणे हे जरा हिशेबीपणाचे दिसते.

यानंतर गाव थांबत नाही. १२ डिसेंबरला ग्वादालूपच्या मरियेसाठी दोन-तीन वर्षांच्या मुलांना पेन्सिलीने मिशा काढतात, आणि मिशीवाली बाळे आयांच्या कडेवर बसून भोकाड पसरतात. त्या मिशा पुसल्या न पुसल्या तोच 'पोसादा' सुरू होतात. पोसादा म्हणजे आसरा. मरिया आणि योसेफ बेथलेहेमात दारोदार जागा मागत फिरले, म्हणून नाताळापर्यंत नऊ रात्री त्यांच्या मूर्ती पालखीसारख्या खांद्यावर घेऊन, कंदील धरून, शिट्ट्या आणि खुळखुळे वाजवत लोक एकेका घरी जातात. बरोबर एक जण कासवाची पाठ गळ्यात अडकवून तिच्यावर काठीने ताल धरतो. तो 'टुकुटिकुटू' असा आवाज गल्लीच्या टोकाला आला, की आतल्या माणसांना कळते: पाहुणे आले. मग दार घट्ट लावून घेतात. बाहेरचे गाण्यातून आसरा मागतात. आतले गाण्यातूनच जागा नाही म्हणून सांगतात. बाहेरचे अजिजी करतात, आतले संशय घेतात. कोण आले आहे हे आतल्यांना ठाऊक असते, कारण आठ दिवस आधी त्यांनीच बोलावलेले असते. दार उघडणार हे बाहेरच्यांना ठाऊक असते, कारण फळांच्या गरम 'पोन्चे'चा दालचिनीचा वास फटीतून येत असतो. आत काकू पातेल्याजवळून हळूच म्हणते, "उघडा आता. निवते आहे." दाराला पाठ लावून गाणारे काका खुणेने सांगतात, अजून दोन कडवी. बाहेर डिसेंबरची थंडी. पालखीवाल्यांपैकी एक दुसऱ्याला विचारतो, "काल यांच्या शेजारच्यांनी किती वेळ उभे केले होते?" "याच्याहून कमी." "बरे घर आहे म्हणजे." एरवी या गावात ओळखीचा माणूस दारात अर्धे मिनिट ताटकळला तर वर्षभराचा रुसवा होतो. नऊ रात्री मात्र जो जास्त वेळ नाही म्हणतो, त्याच्याकडचा कार्यक्रम चांगला.

हा सगळा पुरावा मांडल्यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: ही श्रद्धा आहे, तिला बिनउपयोगी म्हणणारे तुम्ही कोण? लेखक कान पकडतो. श्रद्धेला तो काही म्हणत नाही. पण श्रद्धेने मागितले किती आणि लोकांनी दिले किती, एवढे तरी पाहायला हवे. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी अंगावरची वस्त्रे आणि झाडांच्या डहाळ्या वाटेवर टाकल्या, अशी मूळ कथा आहे. टाकल्या. चाळल्या नाहीत. रंगवल्या नाहीत. फळीवर पालथे पडून डहाळीच्या कडेला पिवळी रेघ ओढली नाही. चार शुभवर्तमानांत कोणी कोणाचा खांदा टेपने मोजल्याचेही आढळत नाही. देवाचे काम एका मेणबत्तीत भागते आणि ती पाच मिनिटांत लावून होते. अडचण नेमकी तीच आहे. पाच मिनिटांत आटपणारी भक्ती केली काय आणि न केली काय, शेजाऱ्याला कळायचे कसे?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, हे सगळे पर्यटकांसाठी चालते; पवित्र आठवड्यात हॉटेलांचे दर पाहा. दर पाहिले तर डोळे पांढरे होतात, हे खरे. २०२२ साली युनेस्कोने ग्वाटेमालाच्या पवित्र आठवड्यालाही यादीत घेतल्यापासून तर बोलायलाच नको. पण फळीवर पालथ्या पडलेल्या गृहस्थाचे हॉटेल नाही. त्याला पर्यटकाकडून मिळते काय, तर शेपूट भरत असताना नेमका चेहऱ्यावर पडणारा फ्लॅश. आणि आडगल्लीतली १८ डिसेंबरची पोसादा पाहायला कोणी विमानाने येत नाही. उलट पर्यटक हा आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. वर्षभर राबून, साठवलेली रजा टाकून, 'जरा आराम करू' म्हणून तो हजारो मैलांवरून येतो, आणि पहाटे चार वाजता कुडकुडत, धुपाच्या धुरात खोकत, मोबाइल डोक्यावर धरून, पुढच्या पर्यटकाच्या मोबाइलचे चित्र काढत उभा राहतो.

तिसरा आक्षेप बायकांचा आहे आणि तो स्वयंपाकघरातून येतो. तिथे सिद्धान्त चक्क लंगडतो, हे आधीच कबूल केलेले बरे. नाताळच्या आदल्या दिवशी घराघरात तमाल होतात. (आपल्याकडच्या मसाल्यातल्या तमालपत्राशी याचा संबंध नाही, पानगी किंवा पातोळ्या आठवा, म्हणजे जवळ जाल.) मक्याचा शिजवलेला लगदा माशान नावाच्या रुंद पानावर थापायचा, त्यावर टोमॅटो, तीळ, भोपळ्याच्या बिया आणि वाळक्या मिरच्या भाजून-वाटून केलेला दाट 'रेकादो' घालायचा, मांसाचा तुकडा, लाल मिरचीची एक पट्टी, एक ऑलिव्ह, मग पान चारी बाजूंनी दुमडून लव्हाळ्यासारख्या गवताच्या वादीने बांधायचे आणि मोठ्या हंड्यात तासन्‌तास उकडायचे. असे शंभर-सव्वाशे. आजी टोकाला बसून मोजते. ऐंशीव्या पुड्याला ती थांबते. "ऑलिव्हच्या वाटीत एक जास्त राहिले." सगळ्यांचे हात थबकतात. याचा अर्थ कुठल्या तरी बांधलेल्या पुड्यात ऑलिव्ह नाही. कुठल्या, हे सांगता येत नाही. सुनेकडे कोणी बघत नाही, म्हणजे सगळे बघतात. पुडे सोडायचे का, यावर विचारविनिमय होतो. पुरुषांचे मत विचारले जाते, ते म्हणतात काय फरक पडतो, आणि त्यामुळे पुरुषांना बाहेर विस्तवाकडे लक्ष ठेवायला धाडले जाते. विस्तव त्यांच्याशिवायही जळला असता. हे काम बायकांनी हौसेने ओढवून घेतलेले आहे असे म्हणायला लेखकाची जीभ रेटत नाही. मात्र एक गोष्ट नमूद करतो. ग्वाटेमालात दर शनिवारी तमाल विकत मिळतात. जिथे मिळतात त्या दारावर लाल दिवा लावलेला असतो, की लांबून कळावे. अडाण्यालाही समजेल इतकी सोय आहे. पण २४ डिसेंबरला कोणाच्या घरी पहिला घास घेऊन पाहुणी आपुलकीने विचारते, "विकतचे का हो?", तेव्हा त्या आपुलकीचा अर्थ सगळ्या स्वयंपाकघराला कळतो. बरोबर मध्यरात्री गाव फटाक्यांनी उठते, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, आणि मग जेवायला बसतात. ऑलिव्ह नसलेला पुडा सासऱ्याच्या ताटात जातो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता पुन्हा फटाके. रात्रीचे उरले होते म्हणून? छे. दुपारचे वेगळे आणलेले असतात.

शेवटचा आक्षेप सुधारकांचा, आणि तो सगळ्यांत घातक, कारण त्यामागे सद्‌हेतू असतो. एवढी शक्ती, एवढी शिस्त, एवढी रात्रीची जागरणे. ही विधायक कामाला लावा! ज्या रस्त्यावर भुसा चाळता त्याच रस्त्याचे उखडलेले दगड बसवा. सूचना बिनतोड आहे. फक्त अमलात आणून पाहावी. दगड बसवायचे म्हटल्याबरोबर फळीवरचा गृहस्थ उठून बसेल आणि हे काम पालिकेचे आहे म्हणेल. पालिका म्हणेल, सण झाल्यावर बघू. उपयोगाचा नुसता वास आला की हाताची गती निम्म्यावर येते. वेलचीचेच पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेलचीचे रोप भारतातून ग्वाटेमालात गेले, आल्ता व्हेरापासच्या डोंगरात रुजले, आणि आज जगात सगळ्यांत जास्त वेलची निर्यात करणाऱ्या देशांत ग्वाटेमाला पहिल्या रांगेत आहे. ती बहुतेक सगळी अरबांच्या कॉफीत जाते. स्वतः ग्वाटेमालाच्या घरात तिला फारसे कोणी विचारत नाही. सणाच्या पोन्चेत पडते ती दालचिनी. मराठी माणूस श्रीखंडात चिमूटभर टाकताना ज्या वेलचीचा भाव पाहून दचकतो, ती दारात पोत्यांनी पडलेली असून यांना तिचे कौतुक नाही, कारण ती उपयोगी पडली. त्या देशाच्या कायद्याने मात्र माणूस ओळखला आहे. नोकरदाराला एक महिन्याच्या पगाराएवढा 'अगिनाल्दो' द्यायचा, पण निम्मा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि उरलेला निम्मा जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. सगळा एकदम दिला तर त्याचा भुसा, फटाके आणि कागदी सैतान होतील, आणि जानेवारीत घर काय खाणार, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला असावा. बहुधा त्यांच्याही घरी अल्फोम्ब्रा घालत असत.

जानेवारीत तरी हे लोक पाठ टेकतात का? नाही. घराघरात गव्हाणीचा देखावा मांडलेला असतो, पाइनच्या पानांचा, मॉसचा, रंगीत भुशाचा (भुसा इथेही आलाच), आणि त्यातला बाळ येशू शेजारी चोरतात. रीतसर, ओळख ठेवून. मग हरवल्याचा गवगवा, मग मिळाल्याचा गवगवा, मग गाजतवाजत परत आणणे, मग जेवण, म्हणजे पुन्हा तमाल. देखावा उतरतो तो २ फेब्रुवारीला. त्यानंतर राखेचा बुधवार येतो, उपवासकाळ सुरू होतो, दर रविवारी मिरवणुका निघू लागतात, आणि पोत्यातला भुसा पुन्हा चाळायला बसावे लागते. राखेचा बुधवार लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला पडू शकतो. तसा तो १८१८ साली पडला होता, पुढे २२८५ साली पडेल. त्या वर्षी देखावा उतरवणे आणि उपवासकाळ यांच्यामध्ये एकच मोकळा दिवस येईल, ३ फेब्रुवारी. अँटिग्वात राहून निवांत लोळायचा ज्यांचा बेत असेल त्यांनी तो दिवस टाळावा. त्या दिवशी दोन सणांची कामे एकदम असतील, आणि फळीवर माणसे कमी पडणार आहेत.